छप्पर न सोसणारा देव

शेतातून आलेला माणूस आधी पाणी मागतो. त्या सकाळी धनंजयने पाणी मागितले नाही, पायांतल्या चपला काढल्या नाहीत, आणि माझ्याकडे न पाहता तुळशीकडे पाहत उभा राहिला. माझा मुलगा पन्नाशीला आला, तरी काही सांगायचे टाळायचे असले की तो तुळशीकडेच पाहतो. मला तेव्हाच संशय आला.

"बोल," मी म्हटले.

"माय, धुऱ्यावरच्या बाबांचं कवच पडलं."

"पडलं का पाडलं?"

"आता ते मले काय माईत? मोटर सुरू कराले गेलतो, पाह्यलं त दगड उघडा. अन् कवचाचा तुकडाबी नाई तिथं."

शेंदराचे कवच कधीकधी आपोआप गळून पडते, हे मी ऐकून होते. परंतु गळलेली वस्तू जिथे पडते तिथेच राहते. ती उठून चालू लागत नाही.

"काल तिकडं कोन दिसलं होतं?"

धनंजय पुन्हा तुळशीकडे वळला. "दिवस बुडता सुभानभाई दिसले. चादरीत काईतरी बांधून घेऊन चालले होते. म्या हाक मारली त थांबले नाई."

"अन् हे तू मले आज सांगून राह्यला?"

त्यावर त्याने पाणी मागितले.

आमचे गाव केळझरच्या अलीकडे आहे. आमच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, कडुनिंबाखाली कमरेइतका उंच एक दगड आहे. त्याला सारे गाव धुऱ्यावरचे बाबा म्हणते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेंदराने त्याला ना डोळे राहिले होते, ना नाक. एक लालभडक, गोलसर आकार तेवढा उरला होता. पेरणीच्या आदल्या दिवशी तिथे काय व्हायचे याचा क्रम ठरलेला आहे. सर्वांत आधी धुऱ्यापलीकडच्या मीराबाईच्या घरचे हात बाबांभोवतीचे गवत काढतात. तिच्या सासऱ्याने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्या दिवसापासून त्या घराने बाबांपुढे हात जोडणे सोडले, पण गवत काढणे सोडले नाही. मग सुभानभाईच्या घरचा माणूस लोबान जाळतो आणि बाबांच्या खांद्यावर हिरवी चादर क्षणभर टेकवून उचलतो. सर्वांत शेवटी आमच्या घरच्या थोरल्या सुनेने जवसाच्या तेलात कालवलेला शेंदूर लावायचा. यातला एकही हात चुकला तर तिफण शेतात उतरत नाही.

मी स्वतः वडनेरची. माझ्या माहेरी महानुभाव पंथाचा उपदेश. तिथे शेंदूर फासलेल्या दगडापुढे कोणी मान लववत नाही. लग्नानंतर पहिल्याच पेरणीला सासूबाईंनी माझ्या हाती शेंदराची वाटी दिली, तेव्हा मी ती खाली ठेवली. त्या रागावल्या नाहीत. "हात नको जोडू," त्या म्हणाल्या, "तुह्या बापाले दिलेला शब्द तू पाळ. पन शेंदूर या घरच्या थोरल्या सुनेचाच लागते, तो तुले लावाच लागन." तेव्हापासून आजवर मी बाबांना हात जोडलेले नाहीत, आणि एकाही वर्षी शेंदूर चुकवलेला नाही.

त्याच सासूबाईंनी आणखी एक गोष्ट बजावून ठेवली होती. बाबांना छप्पर सोसत नाही. कोणी कितीही पुण्यवान भेटला, तरी त्यांच्या डोक्यावर काही घालू द्यायचे नाही.

गेल्या हिवाळ्यात डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी मी वर्ध्याला मुलीकडे राहिले होते. परत आले तेव्हा बाबांच्या डोक्यावर टिनाचे शेड उभे होते. खाली चकचकीत टाइलचा ओटा, आड येणाऱ्या निंबाच्या फांद्या छाटलेल्या, आणि समोर पाटी: 'श्री धुरेश्वर देवस्थान'. हे काम माझे दीर महादेवराव यांचे. ते गावातल्या मंदिर समितीचे अध्यक्ष. त्यांना अध्यक्षपणा पुरत नाही. धनंजयने काकांना नाही म्हटले नव्हते. मी शेड काढायला सांगितले, तेव्हा महादेवराव हसले होते. "वैनी, देव उन्हात अन् आपण पंख्याखाली, हे बरं दिसते का?" मी त्या शेडखाली पाऊल टाकले नाही, एवढाच माझा निषेध.

कवच पडल्याचे ऐकताच मला आणखी एक चेहरा आठवला. आठवड्यापूर्वी निशांत नावाचा एक तरुण आला होता. नागपूरला शिकतो, वर्धा जिल्ह्यात कोणकोणते धर्म केव्हा आले आणि कसे राहिले याचा इतिहास लिहितो, असे त्याने सांगितले. गिरडच्या टेकडीवर जाऊन आला होता, केळझरला जाऊन आला होता. चहा पिताना त्याने विचारले, "आजी, शेंदराखाली काय आहे ते कुणी कधी पाहिलंय का?" मी त्याला चहा दिला, माहिती दिली नाही. जाताना तो बाबांच्या दगडावर बोटाने टकटक करून गेला, हे मला वर्षालीने, माझ्या सुनेने सांगितले.

म्हणजे विचारणारा एक, उचलून नेणारा एक, आणि गप्प बसणारा माझ्याच पोटचा एक. मी काठी घेतली आणि शेताकडे निघाले.

नवतपा, म्हणजे पेरणीआधीचे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू होता. सकाळचेच ऊन पाठीवर हात ठेवल्यासारखे जड वाटत होते. पलीकडून समृद्धी महामार्गावरच्या ट्रकांची घरघर येत होती. मी शेडच्या कडेला, बाहेरच उभी राहिले आणि ज्या दगडाला माझ्या बोटांनी आयुष्यभर शेंदूर लावला, त्याचा चेहरा पहिल्यांदा पाहिला.

कोणीतरी बसले होते. मांडी घातलेली, हात मांडीवर एकावर एक ठेवलेले, डोळे मिटलेले. कान लांब, नाकाचा शेंडा झिजलेला. पाठीला आणि डाव्या खांद्याला जुन्या शेंदराचे जाड पापुद्रे अजून चिकटून होते. माझ्या ओळखीचा हा कोणताही देव नव्हता, आणि तरीही तो चेहरा परका वाटला नाही, हे मला आवडले नाही.

महादेवराव माझ्याआधी पोचले होते. ते मोबाइलवर फोटो काढीत होते.

"पाह्यलं, वैनी? मी इतके दिवस म्हणून राह्यलो, या जागेवर त्यायचा हात नको. सुभाननं फोडलं अन् तुकडे घेऊन पळाला. धनंजयनं सोता पाह्यलं."

"धनंजयनं फोडताना नाई पाह्यलं. नेताना पाह्यलं."

"न फोडता नेते का कोनी?" त्यांनी मोबाइल खिशात घातला. "उद्या संध्याकाळी मंदिरात बैठक बोलावतो. मूर्ती गावात मंदिरात नेऊन बसवू. अन् सुभानच्या घरचं कोनी इथं लोबान जाळाले येनार नाई, हा ठराव. वावर तुमच्या नावावर आहे, तुमचा होकार तेवढा पाह्यजे."

त्यांच्या बोलण्यात संताप होता, परंतु आश्चर्य नव्हते. ठराव इतक्या लवकर सुचतो तो आधीपासून तयार असतो. माझा संशय तिथे पहिल्यांदा दिशा बदलू लागला. पण सुभानभाईवरचा संशय काही त्यामुळे उतरला नाही. हाक मारल्यावर न थांबणारा माणूस मला मान्य नाही, मग तो कोणाचाही असो. मी दिराला एवढेच सांगितले की होकार विचार करून देईन, आणि तशीच सुभानभाईच्या घरी गेले.

त्याने माझ्यासाठी खाट टाकली. मी बसले नाही.

"काल काय नेलं धुऱ्यावरून?"

"बसा त खरं, वैनी."

"उभ्यानं विचारलं, उभ्यानं सांग."

सुभानभाई माझ्या यजमानांच्या बरोबरीचा. तरुणपणी दोघे अल्लीपूरच्या बाजारातून मिळून बैलजोडी घेऊन आलेले. त्याने आतून चादरीचे गाठोडे आणले आणि माझ्या पायाशी नव्हे, खाटेवर, उशीच्या जागी ठेवले. ते मी पाहिले.

"काल जुमेरात होती. दर गुरुवारी लावतो तसा लोबान लावाले गेलतो. पाह्यलं त कवच खाली. कुत्रे तेलाच्या वासानं चाटून राह्यले होते. मंग काय करू? बाबांचं अंग आहे. गोळा केलं, घेऊन आलो."

"अन् धनंजयनं हाक मारली तवा पाय काऊन उचलले?"

तो गाठ सोडवू लागला.

"थांबलो असतो त काय सांगतलं असतं, वैनी? माह्या हातात तुमच्या देवाचे तुकडे. आजकाल पुरं ऐकून घ्याले कोनापाशी टाइम आहे?"

"माह्या मुलापाशीबी नाई?"

"तुमचा मुलगा चांगला आहे. पन त्याच्या खिशात महादेवरावांचा फोन वाजत राह्यते."

हे उत्तर मला आवडले नाही. परंतु ते खोटे आहे असेही मला म्हणता येईना.

गाठोडे उघडले. कवचाचा तुकडा मी हाती घेतला, उलटा केला, आणि थबकले. आतल्या बाजूला मिटलेल्या पापण्यांचा ठसा होता. ज्या हातांनी पहिला थर दिला, त्यांना तो चेहरा दिसत होता. एका तुकड्याच्या कडेला शेंदराचे थर एकावर एक दिसत होते, आणि पार खालच्या थरांमध्ये हिरव्या कापडाचे दोन-चार धागे रुतून बसलेले होते. मी ते नखाने ओढून पाहिले. निघाले नाहीत.

मग मी माझी बोटे पाहिली. ती लाल झाली होती.

जुना शेंदूर बोटाला लागत नाही. जवसाच्या तेलातला शेंदूर वर्षा-दोन वर्षांत खापरीसारखा टणक होतो. त्यावर दगड आपटला तर टवके उडतात. मी तुकडे एकेक पाहिले. कुठे टवका नव्हता, घणाचा किंवा पहारेचा वण नव्हता. कडा तुटलेल्या नव्हत्या, ओघळलेल्या होत्या.

"तू उचलले तवा कसे होते हे?"

"मेणासारखे. दाबलं त बोट उमटे."

मी खाटेवर बसले. सुभानभाईच्या सुनेने पाणी आणून दिले, ते प्यायले.

"गाठोडं बांध," मी म्हटले. "उद्या घेऊन येजो. संध्याकाळी मंदिरात नाई, भर दुपारी धुऱ्यावर. बैठक तिथं होईन."

"मी नाई येत, वैनी. लोकं आधीच…"

"मी बोलावून राह्यली, लोकं नाई."

महादेवरावांकडे निरोप धनंजयने नेला. ज्याने शेडला मान डोलावली, त्याच्याच पायांनी तो निरोप जायला हवा होता. निशांतला वर्षालीने फोन केला. तो येईल की नाही याविषयी मला शंका होती. चोर असता तर आला नसता, आणि फार हुशार चोर असता तर नक्की आला असता.

दुसऱ्या दिवशी दुपारी सर्व जमले. समितीची चार माणसे, मीराबाई आणि तिच्या घरच्या बायका, गाठोडे छातीशी धरलेला सुभानभाई, टोपी घातलेला निशांत. ज्याला त्याला निंबाची उरलेली सावली हवी होती. मी समितीला शेड दाखवले.

"तुमचं देवस्थान आहे ना? मंग आत बसा. सतरंजी टाकली आहे."

महादेवराव आत बसले. माझ्यासमोर माघार घेणे त्यांना जमत नाही. मीही आयुष्यात पहिल्यांदा त्या टिनाखाली गेले आणि त्यांच्यासमोर पाटावर बसले. बसण्याआधी गाठोड्यातले दोन तुकडे त्यांच्याच हाताने निवडवून घेतले. एक टाइलवर, बाबांच्या पायाशी ठेवला. दुसरा मीराबाईला निंबाच्या बुडाशी ठेवायला सांगितला.

"हे कायले?" महादेवरावांनी विचारले.

"तुमी बोला, भाऊजी. तुमचं ऐकाले जमलो आपण."

ते बोलू लागले. टिन वरून तापत होते, टाइल खालून. सुभानच्या घरचे लोक आपल्या वडिलांच्या काळात आले, चादरीची पद्धत त्यांनी मागाहून घुसडली, आता मूर्तीवर हात टाकला, असे त्यांचे म्हणणे. मी हिरव्या धाग्यांचा तुकडा पुढे केला. तो सर्वांच्या हातांतून फिरला. निशांतने चष्मा वर करून तो बराच वेळ पाहिला.

"किती जुनं ते असं बघून सांगता येणार नाही," तो म्हणाला. "पण हे थर एकदम खालचे आहेत. तुमच्या वडिलांच्या खूप आधीचे."

"धागा कोनाचाबी असते," महादेवराव म्हणाले. "अन् तू कोन? तूच टकटक करून गेलता ना?"

"हो. आत पोकळ वाजत होतं. कवच दगडापासून सुटलं होतं तेव्हाच. मी परत येऊन आजींना सांगणार होतो, पण त्यांनी मला आधीच फाटकाबाहेर सोडलं होतं."

मीराबाई पदराआड हसली. मी तिच्याकडे पाहिले, तरी ती हसायची थांबली नाही.

"मंग हे कोन आहे, ते तरी सांग," महादेवरावांनी मूर्तीकडे बोट केले. त्यांच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता. "शंकर आहे ना? ध्यानातला?"

"शंकर वाटत नाही. तीर्थंकर असू शकेल, बुद्धही असू शकेल. ज्या खुणांवरून ओळखतात त्या झिजल्या आहेत. मला नाही सांगता येत."

"इतकं शिकून इतकंच?"

"बुद्धच हाय," मीराबाईच्या जावेने मागून म्हटले. समितीतला एक जण उठून काही बोलणार, तोच मी काठी टाइलवर आपटली. माझ्या मनात तिच्याविषयीही संशय होताच. उद्या हिच्या घरचे पाटी घेऊन येतील, परवा हिंगणघाटचा एखादा जैन व्यापारी येईल. पाट्यांना काय, टिन स्वस्त आहे.

"वैनी, बाहेर बसू," महादेवराव म्हणाले. त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. "इथं जीव घाबरून राह्यला."

"देव पंख्याखाली बसवला ना तुमी? बसा."

"भाऊ, तुमी एका दुपारीत गळून राह्यले," मीराबाई म्हणाली. "बाबा सारा उन्हाळा इथं बसले हायत."

त्यावर कोणी हसले नाही, कारण त्याच वेळी बाबांच्या डाव्या खांद्यावरचा शेंदराचा पापुद्रा हलला. आधी त्याच्या खालच्या कडेला तेलाचा थेंब धरला. मग तो सबंध जाड पापुद्रा, कोणी हात न लावता, हळूहळू घसरत दंडावर आला, तिथे क्षणभर अडला आणि महादेवरावांच्या गुडघ्यासमोर टाइलवर पडला. आवाजही झाला नाही, इतका तो मऊ होता.

टाइलवर मी ठेवलेला तुकडा मघाच पसरला होता. धनंजयने निंबाखालचा तुकडा उचलून आणला. तो कोमट होता, पण आकारात होता. त्याने काकांच्या हातावर ठेवला.

"काका," तो म्हणाला, "हे शेड आपणच घातलं." 'आपण' म्हणताना त्याने मान खाली घातली नाही, एवढे माझ्या ध्यानात राहिले.

महादेवरावांनी तुकडा हातात फिरवला. मग त्यांनी टिनाकडे पाहिले, छाटलेल्या फांद्यांच्या बुडख्यांकडे पाहिले.

"मले काय माईत होतं, वैनी, असं होईन," ते म्हणाले.

"सासूबाईले माईत होतं. विचारा लागते."

"अन् सुभान लपवत काऊन होता मंग?"

"तुमच्यापायी," मी म्हटले. "ठराव तुमच्या खिशात आधीच होता. त्याले ते दिसलं असन."

हा आरोप मी जाणून केला. तो खरा आहे की नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर पाहायचे होते. त्यांनी सुभानभाईकडे पाहिले नाही. मला उत्तर मिळाले.

टिन त्याच दिवशी उतरले. महादेवरावांनी स्वतः पाना हाती धरून नटबोल्ट सोडवले. मी खुर्ची टाकून निंबाखाली बसून राहिले, कारण अर्धवट काम ठेवून जायची त्यांची सवय मला ठाऊक आहे. पत्रे आमच्या गोठ्यावर गेले. टाइल फोडल्या. पाटी मीराबाईने मागून नेली. तिच्या कोंबड्यांच्या खुराड्याला दार नव्हते. त्यात तिने काही टोमणा योजला होता की खरोखरच दार हवे होते, हे मी विचारले नाही.

पेरणीच्या आदल्या दिवशी मीराबाईच्या जावेने गवत काढले. तिने हात जोडले नाहीत, पण गवत काढून झाल्यावर त्या मिटल्या डोळ्यांकडे नको तितका वेळ पाहत राहिली. मग सुभानभाई आला. येताना तो दोनदा मागे वळून पाहत होता. त्याने लोबान जाळला, चादर खांद्यावर टेकवली आणि उचलली. आजूबाजूला समितीची माणसे उभी होती. कोणी बोलू नये म्हणूनच मी त्यांना बोलावले होते.

माझी पाळी आली. वाटी घ्यायला मी वळले, तर वर्षालीच्या हाती वाटी नव्हती. महादेवराव पुढे आले. त्यांच्या हातात कालवलेला शेंदूर होता, नव्या पितळी वाटीत.

"यंदा माह्या घरचा घ्या, वैनी."

"तेल कोनतं?"

"जवसाचंच आहे."

मी वाटी नाकाशी नेली आणि वास घेतला. मग बोट बुडवून दोन बोटांत चोळून पाहिले. सारे थांबले होते. सुभानभाईच्या हातातला लोबानही विझत आला होता. तेल जवसाचेच होते.

मी मूर्तीच्या मागे गेले आणि जिथे शिल्पकाराने काही कोरले नव्हते त्या पाठीला शेंदूर लावला. मीराबाईच्या जावेने श्वास सोडलेला मला ऐकू आला. समितीतल्या एकाने "पुढून नाई?" असे विचारले, मी ऐकले नाही.

हात मी या वर्षीही जोडले नाहीत. महादेवरावांनी वाटी परत मागितली, तेव्हा ती मी माझ्या पदराखाली घेतली. पेरणी आटोपेपर्यंत ती तारण म्हणून माझ्याकडेच राहील, असे त्यांना सांगितले.